पाचव्याचं उत्तर

सोमवार, ३ मार्च

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर तुमच्या पुतणीचं आहे, आतलं माझं. माझं अक्षर बाहेर दिसलं असतं तर तुम्ही पाकीट न फोडताच कचऱ्यात टाकलं असतं, म्हणून ही लबाडी. आधी वाचा, मग हवं तितकं रागवा. फोनच करणार होते, पण जनरेटरच्या कारखान्यात राहून तुम्हाला आता शेजारचं बोललेलंही ऐकू येत नाही असं पोरगी म्हणाली. मला ओरडायला येतं, ते तुम्हाला सांगायला नको, पण हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

इकडे सगळं बरं. म्हणजे मी बरी आहे, गुडघे बरे नाहीत. दुधाची फेरी अजून मीच करते. रोज सकाळी अकरा कॅन भरायचे, चढ चढून खिंडीपलीकडे जायचं, डेअरीवर उतरवायचे आणि रिकामे घेऊन परत यायचं. सुरुवातीला बाई चारही चाकांचा गिअर टाकून चढ चढते म्हणून लोक हसले. आता तेच माझ्या गाडीला लटकून बाजाराला जातात. तुमच्या घराची किल्ली माझ्याकडेच आहे. महिन्यातून एकदा खिडक्या उघडून केर काढते. गॅरेज उघडलेलं नाही.

बातमी अशी की तुमची हेल्पर आई होणार आहे. तुम्ही गाडीखाली झोपलेले असायचात आणि ही एवढीशी पोर बाहेरून ‘बाराचा की चौदाचा?’ असं विचारत पाने पुढे करायची, तीच. आठवा महिना संपत आला. जावई बोटीवर आहेत, मे महिन्याशिवाय त्यांना सुट्टी नाही, म्हणून माझ्याकडे आली आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की वार खाली आहे, नेमकी बाळाच्या वाटेवर. कळांची वाट बघायचीच नाही, ऑपरेशनच करायचं. त्याआधी कधीही रक्त जाऊ शकतं, आणि गेलं तर थांबायला वेळ नसतो. म्हणून दहा तारखेच्या आत तिला दवाखान्यात आणून ठेवा म्हणाल्या.

आणि गाडी तापते.

तुमचे दादा गाडीला थोरली म्हणायचे आणि मला धाकटी, ते आठवत असेल. थोरलीची आता शंभर दुखणी आहेत, पण हे एक काही केल्या जात नाही. सपाटीवर शहाण्यासारखी चालते. चढाला लागली, लो गिअर टाकला, जोर पडला की काटा वर सरकायला लागतो आणि पाचव्या वळणाशी लाल पट्ट्यात जाऊन बसतो. मी तिथं रोज थांबते. बोनेट उघडून अर्धा-पाऊण तास बसते, पाणी टाकते, पुढं निघते. दूध थांबतं, त्याला काय होतंय!

दरडीनं रस्ता नेल्यापासून दवाखान्याची गाडी खिंडीपर्यंतच येते. खालचा चढ चढणारी गाडी खोऱ्यात एकच आहे, आपली. पोरगी म्हणते, “आई, तापली तर तापली, अर्धा तास बसू गाडीत.” ती ‘बसू’ म्हणाली की मी उठून बाहेर जाते. तिथं कोण बसून राहिलं होतं ते तिला माहीत आहे, तरी म्हणते.

जुनं काही उकरून काढायला लिहीत नाही. मी बोलले ते बोलले, तुम्ही गेलात ते गेलात. फक्त या इंजिनाच्या नसा तुम्हाला माहीत आहेत, दुसऱ्या कुणाला नाहीत. काय काय बघू, तेवढं लिहून पाठवा. मी डेअरीला जाते तेव्हा पोस्टात डोकावतेच.

मला फार भीती वाटते, भाऊजी.

तुमची वहिनी

*

रविवार, ९ मार्च

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. तुमचं पत्र परवा मिळालं. पत्र कसलं, यादी! ना ख्यालीखुशाली, ना नाव, नुसते सात आकडे आणि सात कामं. गॅरेजच्या भिंतीवर खडूनं लिहायचात तस्संच. पोरगी दहा वेळा वाचून हसली, मग उशीखाली ठेवून झोपली. मी मात्र यादी घेऊन लगेच गाडीपाशी गेले. उत्तरं देते.

पहिलं, रेडिएटर. खोलून डेअरीशेजारच्या चष्मेवाल्या मिस्त्रीकडे दिला, त्यानं आतून साफ केला. बाहेरच्या जाळीत एवढा भुसा आणि किडे निघाले की मलाच लाज वाटली. दुसरं, झाकण. नवं घातलं. जुन्याचं रबर चामड्यासारखं कडक झालं होतं. तिसरं, पंख्याचा पट्टा. बोटानं दाबून बघितला, तुम्ही लिहिलंत तेवढाच दबतो. चौथं, पाण्याचा पंप. गळत नाही, हलवला तर खडखडत नाही, आवाज नाही.

सहावं, हेडचं गॅसकेट. मिस्त्रीनं नळी लावून बघितलं, पाण्यात बुडबुडे येत नाहीत. तो म्हणाला, “हे काम कुणी केलंय? हात चांगला आहे.” मी हात पुसत राहिले. सातवं, डिझेल पंपाचं टायमिंग. तेही त्यानं तपासलं, जागच्या जागी आहे.

एवढं सगळं करून आज फेरीला गेले. वाटलं, आज तरी सुटका होईल. चौथ्या वळणापर्यंत बरी होती. पाचव्याला काटा लालमध्ये. कॅनवर बसून मी रडले, मग डेअरीवर जाऊन सांगितलं की धूळ गेली डोळ्यात.

उद्या दहा तारीख. डॉक्टरीणबाईंना फोन करून दोन दिवस मागितले. घरी पाहुणे येणार आहेत म्हटलं. कोण पाहुणे येतात माझ्याकडे? पोरगी ऐकत होती. “आई, तू घाबरलीस,” म्हणाली. मी म्हटलं, “मी कशाला घाबरू? मी अकरा कॅन घेऊन रोज चढते.” ती भिंतीकडे तोंड करून झोपली. तिला झोपूनच राहायला सांगितलंय. पाणीसुद्धा मीच हातात देते.

अजून काही सुचत असेल तर लिहा. लवकर लिहा.

वहिनी

*

शनिवार, १५ मार्च, दुपार

भाऊजी,

काल तुमचं कार्ड आलं. त्यावर चार शब्द आहेत. ‘वहिनी, पाचव्याचं काय झालं?’

मी कार्ड पदराखाली धरून घरी आणलं, आणि पोरीनं विचारलं तर म्हटलं की काही नाही आलं. जेवले नाही. पाचव्या आकड्यासमोर तुम्ही ‘थर्मोस्टॅट’ लिहिलं होतंत. मी तो सोडून पुढं गेले, तुम्हाला कळणार नाही असं वाटलं मला. तुम्ही नट मोजून डब्यात टाकणारे, तुम्हाला कसं नसतं कळलं!

आज सकाळी पोरीला रक्ताचा डाग दिसला.

मी नुसतीच चादर बदलायला लागले. ती मात्र शांतपणे म्हणाली, “फोन लाव.” डॉक्टरीणबाई मला इतकं बोलल्या की त्यांच्या जागी मी असते तर तेवढंच बोलले असते. डाग थांबलाय तर हलवू नका, दिवसभर आडवी ठेवा, पण उद्या सकाळी सात वाजता ती खिंडीत पाहिजे, मी गाडी उभी ठेवते म्हणाल्या. म्हणजे उद्या चढायचंच. आता खोटं बोलायला जागाच उरली नाही.

तेव्हा पाचव्याचं उत्तर लिहिते. थर्मोस्टॅट गाडीत नाही. तीन वर्षांपासून नाही. खिळ्यांच्या डब्यात आहे. मी काढलं होतं.

तुम्ही हेड उतरवून सगळं नवं करून गाडी दिलीत, त्यानंतरचा तो रविवार. पूर्वी काटा पाव भागावर असायचा. तुम्ही दिल्यापासून मध्यावर राहायला लागला. तुम्ही म्हणालात, मध्यावर म्हणजे बरोबर. दादा म्हणाले, “भाऊ म्हणतो ना? मग बरोबर. तू हात लावू नको.” तुम्ही दोघे बोनेटमध्ये डोकी घातलीत की मला कुणी विचारायचं नाही, त्याचाही राग होता थोडा. खरं सांगते, थोडा नव्हता. आणि काटा वर दिसला की मला धडकी भरायची. डेअरीवर एका टँकरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “अहो, थर्मोस्टॅट काढून फेका. पाण्याला अडवणारं झाकण ते. काढलं की पाणी मोकळं फिरतं, गाडी गार.” मला ते पटलं. दादा दुपारचे झोपले होते. दोन बोल्ट काढले, ते पितळी बोंडूक काढलं, बोल्ट परत लावले. सोमवारी काटा पाव भागावर. मी मनातल्या मनात म्हटलं, बघा, दोघा भावांपेक्षा मला जास्त कळतं.

तेव्हा कॅन चारच असायचे, त्यामुळं सकाळच्या गारव्यात चार दिवस काही जाणवलं नाही. गुरुवारी भर दुपारी दादांच्या छातीत कळ आली.

मी गाडी कशी हाणली मला माहीत नाही. पाय पूर्ण दाबलेला होता. पाचव्या वळणाशी वाफेचा लोट निघाला आणि गाडी बंद पडली. ते म्हणाले, “थांबू दे जरा, गार होईल. घाई करू नको.” मला धीर देत होते. चाळीस मिनिटं बसलो. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि काट्याकडे बघत होते. गाडी चालू झाली तेव्हा ते नव्हते.

तिसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना तुम्ही म्हणालात, “वहिनी, गाडी मला एकदा उघडून बघू द्या. असं व्हायला नको होतं.” आणि मी बोनेटसमोर जाऊन उभी राहिले. सगळ्यांसमोर म्हणाले की तुमच्या हातानं माझा नवरा मारलात, आता गाडीला बोट लावाल तर याद राखा. लोकांना वाटलं, बाई दुःखानं वेडी झाली. भाऊजी, मी वेडी नव्हते. मला माहीत नव्हतं की थर्मोस्टॅट काढल्यानंच झालं. पण तुम्ही बोनेट उघडलंत तर ते नाही हे दिसेल, एवढं मला माहीत होतं.

पक्कं कळलं ते गेल्या वर्षी. चष्मेवाला मिस्त्री दुसऱ्याच कुणाला सांगत होता, मी तिथं चहा पीत होते. “या इंजिनातनं थर्मोस्टॅट काढायचं नसतं. काढलं की पाण्याला आतल्या आत फिरायची जवळची वाट मोकळी होते. चढावर जोर पडला की गरम पाणी रेडिएटरकडे जातच नाही, तसंच इंजिनात परत येतं.” चहा तसाच ठेवून मी उठले.

तुम्ही म्हणाल, मग तेव्हाच परत का नाही बसवलं? दहा मिनिटांचं काम. तेच तर सांगायचं आहे, आणि तेच लिहायला हात उठत नाही. बसवलं असतं आणि गाडी तरीही तापली असती तर ठीक. पण नसती तापली तर? तर मीच केलं हे मला रोज चढताना काट्यावर दिसलं असतं. गाडी तापत होती तोवर ती खराब होती, इंजिन जुनं होतं, तुमचं काम कच्चं होतं. मी ती तापू दिली. रेडिएटर खोलला, झाकण बदललं, मिस्त्रीला कामाला लावलं. त्यानंही विचारलं होतं हो, थर्मोस्टॅट बघू का म्हणून. मी म्हटलं, नवंच आहे, आमच्या भाऊजींनी बसवलंय.

आज पोरीचा डोळा लागल्यावर डबा उघडला. खिळ्यांमध्ये ते जसंच्या तसं होतं. दोऱ्याला बांधून चहाच्या भांड्यात सोडलं आणि गॅस पेटवला. तुम्हीच तिला लहानपणी दाखवायचात ना, पाणी तापलं की हे तोंड कसं उघडतं ते? मी भांड्यावर वाकून उभी होते आणि देवाकडे काय मागत होते सांगू? हे उघडू नये, असं मागत होते. अडकलेलं निघू दे, मुळातच खराब होतं असं निघू दे. पोरगी आत आडवी पडलीय, उद्या तिचा जीव याच्यावर आहे, आणि मी असं मागत होते. पाण्याला कढ यायच्या जरा आधी ते उघडलं. अगदी अलगद उघडलं. गॅस बंद केला, तसं हळूहळू मिटलं. काही झालेलं नव्हतं त्याला.

दुपारीच बसवलं. बसायची जागा घासून साफ केली, नवं पॅकिंग कापलं, पेस्ट लावली, दोन्ही बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले. पेस्ट सुकेपर्यंत पाणी भरता येत नाही, म्हणजे पहाटेपर्यंत गाडी चालू करायची नाही. त्यामुळं चढावर आधी एकदा नेऊन बघायचं म्हटलं तरी शक्य नाही. उद्या पोरीला घेऊनच बघायचं.

काटा चढला तर तिला घेऊन मी पाचव्या वळणावर बसणार. नाही चढला तर मला कळणार. दोन्हींची मला सारखीच भीती वाटते आहे, आणि ती सारखी वाटते याची लाज वाटते. हे पत्र टाकीन की नाही, माहीत नाही. लिहिलंय एवढं खरं.

*

सोमवार, १७ मार्च
दवाखाना, पहिला मजला

भाऊजी,

वरचं पत्र अजून माझ्या पिशवीतच आहे. त्याच्याच पुढं लिहिते.

काल पहाटे पाणी भरलं, गाडी चालू केली, कुठं गळत नाही बघितलं. मागच्या बाकावर गाद्या घालून पोरीला डाव्या कुशीवर निजवलं. शेजारच्या मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. चढाला लागलो. मी रस्ता बघत होते की काटा, सांगता येणार नाही. पहिल्या वळणाशी काटा मध्यावर आला. माझे दात एकमेकांवर आपटत होते. मावशी म्हणाल्या, “थंडी वाजतेय का गं?” दुसरं वळण, तिसरं. काटा मध्यावर. चौथ्याला मी मुद्दाम पाय जास्त दाबला, का ते मला विचारू नका. काटा मध्यावर.

पाचवं वळण आलं आणि गेलं.

पुढं गेल्यावर मागून आवाज आला, “आई, आज थांबली नाहीस?”

मी म्हटलं, “तापली नाही.”

“काय केलंस तिला?”

भाऊजी, मला सांगता आलं असतं की मिस्त्रीनं केलं. तोंडाशी आलंही होतं. पण काटा समोर होता. मी गाडी चालवतच सगळं सांगितलं, मागं न बघता, मावशींच्या देखत. सांगून संपलं तेव्हा खिंड आली होती. दवाखान्याची गाडी उभी होती. तिला उचलून तिकडं ठेवताना तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “काकांना कळवलंस?”

“लिहिलंय.”

“टाकलंस?”

मी पिशवी काखेत घट्ट धरली.

ऑपरेशन पोचल्या पोचल्याच करावं लागलं, दवाखान्याच्या गाडीतच पुन्हा रक्त जायला लागलं होतं. दोन बाटल्या रक्त चढवलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या की दोघी ठीक आहेत, आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, “वाटेत अर्धा तास गेला असता तर मला काही करता आलं असतं असं वाटत नाही.” मी त्यांच्या पायाशीच बसले. त्यांना वाटलं, आनंदानं.

मुलगी झालीय. अडीच किलो. लांबून बघितलीय.

आज सकाळी पोरीला जरा बोलायचं त्राण आलं. मी पाळण्याकडे वळले तर म्हणाली, “आई, थांब.” मग पत्र मागून घेतलं, पडल्या पडल्या सगळं वाचलं. रडली नाही. मला वाटलं, म्हणेल की तू बाबांना मारलंस. ती म्हणाली, “बाबा कदाचित तसेही गेले असते, कुणाला माहीत. काकांना मात्र तू घालवलंस. मला पोरकं केलंस ते तू.” आणि पत्र माझ्या हातात दिलं. “टाकून ये. मग घे हिला.”

तिचा स्वभाव तुमच्यावर गेलाय असं मी नेहमी म्हणायचे, चिडून म्हणायचे.

मी तासभर या बाकावर बसले आहे. मावशींना सांगितलं, पोरीला सांगितलं, मग तुम्हाला सांगायला एवढी भीती का वाटावी? तुम्ही रागावाल याची नाही वाटत. तीन वर्षं तुम्ही हे मनात घेऊन त्या कारखान्यात झोपला असाल, की आपल्या हातून दादा गेला. हे पत्र वाचून तुम्हाला कळेल की तसं नव्हतं, आणि ती तीन वर्षं मी परत देऊ शकत नाही. याची भीती वाटते. ज्यांच्यासमोर तुम्हाला बोलले त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन मी सांगणार आहे, दूध घ्यायला जाईन तेव्हा, एकेक घर. ते माझं मी करीन. तुम्ही क्षमा करा असं लिहीत नाही. मागायला तोंड नाही मला.

तुमचं काम चोख होतं, भाऊजी. काटा मध्यावर राहिला.

टपालपेटी दवाखान्याच्या फाटकाशीच आहे. उतरते आता.

जिला तुम्ही वहिनी म्हणायचात,
ती